आरोपी स्त्री आणि ग्रंथकार

इंग्रजी कादंबरी हा विषय आम्ही महाविद्यालयांत पुष्कळ वर्षें शिकवीत आलों आहों. जॉर्ज इलियट या विदुषीच्या ‘ॲडम बीड’ या 1859 मध्यें प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवर निबंध लिहावयास सांगितला, म्हणजे बहुतेक विद्यार्थी ॲडमच्या सचोटीवर लिहितात, कांहीं डायनाच्या धर्मनिष्ठेवर लिहितात, आणि जिच्या अपराधावर सारें कथानक उभें आहे त्या हेटी सॉरेलवर ‘अभागिनी’ हा एक शब्द खर्च करून पुढें जातात. मध्यंतरीं एका विद्यार्थिनीनें वर्गांत उभें राहून विचारलें, “सर, फांशी रद्द होऊन हेटीला काळ्या पाण्यावर धाडलें. तिथें ती इतकीं वर्षें काय करीत होती? तें पुस्तकांत कुठें आहे?” आम्हीं उत्तर दिलें कीं, कादंबरीचें नांव ‘ॲडम बीड’ आहे, ‘हेटी सॉरेल’ नव्हे. वर्ग हंसला, ती मुलगी खालीं बसली. उत्तर चटकदार होतें, पण खरें नव्हतें, हें घरीं येतांना आमच्या मनास लागून राहिलें. प्रस्तुत लेख हें त्या प्रश्नाचें, उशिरानें कां होईना, दिलेलें उत्तर आहे.

प्रश्न एकट्या ‘ॲडम बीड’चा नाहीं. न्यायासनापुढें अपराधी म्हणून उभी राहिलेली स्त्री हा गेल्या दोनशें वर्षांतील थोर थोर ग्रंथकारांचा आवडता विषय आहे. तिच्या रूपानें वाचकाचें अंतःकरण हेलावतें, समाजाचा दांभिकपणा उघडा पडतो, आणि कथानकास न्यायालयाच्या देखाव्याची आयती जोड मिळते. परंतु असा ग्रंथ पाहतांना टीकाकारानें एक प्रश्न विचारला पाहिजे, आणि तो आजवर आम्हींही नीटसा विचारला नव्हता. ग्रंथकार या स्त्रीचें काय करतो? तो तिला निर्दोष ठरवितो, तिची कींव करतो, कीं तिचें म्हणणें ऐकतो? वरवर पाहतां हीं तिन्हीं एकाच सहृदयतेचीं रूपें वाटतात. वस्तुतः तीं एकमेकांपासून फार भिन्न आहेत. निर्दोष ठरविणें सोपें आहे, कारण कथानक लेखकाच्या हातांत असतें. कींव करणें त्याहून सोपें, कारण तींत कींव करणाराची उंची कायम राहते. ऐकणें मात्र कठीण. ज्या स्त्रीनें खरोखर कांहीं केलें आहे, तिचें तें कृत्य तिच्यापाशींच राहूं द्यावें आणि तरीही तिला माणूस म्हणून बोलूं द्यावें, हें थोड्यांसच साधलें आहे.

या लेखापुरता आम्ही मुख्यत्वें एकाच अपराधाचा विचार करणार आहों: नवजात बालकाची हत्या. कारण उघड आहे. चोरी किंवा खून पुरुषही करतात. परंतु अविवाहित किंवा विधवा मातेनें आपलें मूल नाहींसें करणें हा असा अपराध आहे कीं, ज्याच्या मुळाशीं दोघें असतात आणि पिंजऱ्यांत एकटीच उभी असते. इंग्लंडमध्यें 1624 च्या कायद्यानें अविवाहित मातेनें मृत मुलाचा जन्म लपविला, तर तें मूल मृतच जन्मलें हें सिद्ध करण्याचा भार तिच्यावर टाकला होता. तसें सिद्ध न झाल्यास शिक्षा फांशीची. स्कॉटलंडांत 1690 च्या कायद्यानें याहून एक पाऊल पुढें टाकलें. गरोदरपण लपविलें, प्रसूतीच्या वेळीं मदत मागितली नाहीं, आणि मूल मेलेलें सांपडलें किंवा सांपडलेंच नाहीं, एवढ्यावर खून गृहीत धरला जाई. म्हणजे स्त्री बोलली नाहीं, हाच पुरावा! तिचें मौन हाच तिचा अपराध. हें सूत्र ध्यानांत ठेवावें, कारण पुढील सर्व ग्रंथांत तेंच निरनिराळ्या वेषांत भेटतें.

सर वॉल्टर स्कॉटची ‘दि हार्ट ऑफ मिडलोथियन’ ही कादंबरी 1818 ची. तिची उभारणी या स्कॉटिश कायद्यावरच आहे. एफी डीन्स हिनें आपलें गरोदरपण कोणास सांगितलें नाहीं, आणि मूल नाहींसें झालें. तिची थोरली बहीण जीनी हिनें न्यायालयांत एवढेंच सांगावयाचें होतें कीं, “तिनें मला सांगितलें होतें”. मग एफी सुटती. परंतु तें असत्य होतें. जीनी असत्य बोलत नाहीं. एफीला फांशीची शिक्षा होते. आणि मग तीच जीनी पायीं लंडनला निघते, राणीपुढें उभी राहून बहिणीसाठीं क्षमा मिळविते. हेलन वॉकर नांवाच्या एका स्कॉटिश स्त्रीनें खरोखरच असें केलें होतें, आणि ती हकीकत कळल्यामुळें स्कॉटला ही कल्पना सुचली. जीनीच्या व्यक्तिचित्रापुढें आम्ही आजही हात जोडतों. परंतु एफीचें काय? तिचें मूल मेलेलेंच नसतें. तें दुसऱ्यांनीं पळविलेलें असतें. स्कॉटनें कायद्याची क्रूरता दाखविण्यासाठीं एक निरपराध मुलगी निवडली, आणि त्यामुळें खरा प्रश्न बाजूस राहिला. जिनें मूल खरोखर मारलें असतें तिच्यासाठीं जीनी लंडनला चालत गेली असती काय, आणि वाचकांनीं तिच्यासाठीं डोळे पुसले असते काय? कायदा निर्दोष स्त्रीला चिरडतो म्हणून वाईट, एवढेंच स्कॉट सांगतो. दोषी स्त्रीचाही कायद्यावर आणि वाचकावर कांहीं हक्क आहे, हें सांगण्याचा प्रसंग त्यानें स्वतःवर येऊं दिला नाहीं.

तो प्रसंग जॉर्ज इलियटनें आपण होऊन अंगावर घेतला. तिचा मोठेपणा यांत आहे. 1802 मध्यें नॉटिंगहॅम येथें मेरी व्होस नांवाच्या स्त्रीला स्वतःच्या मुलाच्या हत्येबद्दल फांशी झाली. इलियटची चुलती ही मेथॉडिस्ट पंथाची उपदेशिका होती. तिनें त्या स्त्रीबरोबर तुरुंगांत रात्र काढली होती. तरुणपणीं चुलतीच्या तोंडून ऐकलेली ती हकीकत ‘ॲडम बीड’चें बीज ठरली. हेटी निर्दोष नाहीं. तिनें आपलें तान्हें मूल रानांत पाल्याखालीं व गवताखालीं टाकलें, निघून गेली, पुन्हां त्याच्या रडण्याच्या भासानें परत आली. तोंवर मूल नेलें गेलें होतें. न्यायालयांत ती दगडासारखी बसते, गुन्हा कबूल करीत नाहीं, नाकारण्यापलीकडे कांहीं बोलत नाहीं. साक्षीदार तिची हकीकत सांगतात, न्यायाधीश शिक्षा सांगतो. सर्वांस बोलण्याचा अधिकार आहे. ती बोलते तुरुंगाच्या अंधाऱ्या कोठडींत, डायनाजवळ. तेथें जी कबुली ती देते, तीसारखीं पानें इंग्रजी कादंबरींत विरळा. तींत पश्चात्तापाचें वक्तृत्व नाहीं. थंडी आहे, भूक आहे, जवळचे संपत आलेले पैसे आहेत, आणि कानांतून न जाणारें तें रडणें आहे. मूल जगावें असेंही तिला वाटत होतें आणि तें नसावें असेंही वाटत होतें. या दोन इच्छा एकाच मनांत एकाच वेळीं राहूं शकतात, हें इलियटनें कोणतीही सबब न सांगतां दाखविलें.

परंतु येथेंच आमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न उभा राहतो. कबुली संपली, आर्थर डॉनिथॉर्न घोडा फेंकीत शिक्षा बदलल्याचा कागद घेऊन आला, हेटी समुद्रापलीकडे गेली, आणि लेखिकेनें तिच्याकडे पाठ फिरविली. समारोपांत सात-आठ वर्षांनंतरचें चित्र आहे. ॲडम व डायना यांचा संसार आहे, मुलें आहेत, आर्थरही परत आला आहे. हेटी परतीच्या वाटेवर मेली, हें आपणांस एका बोलण्याच्या ओघांत कळतें. जिनें अपराध केला तिच्या शिक्षेचीं सर्व वर्षें एका वाक्यांत संपलीं! शिवाय आरंभापासून लेखिकेनें हेटीला इतकी उथळ, इतकी आरशावर भाळलेली रंगविली आहे कीं, तिच्या अंतरंगांत शिरण्याचें श्रम वाचकास पडूं नयेत. इलियटनें हेटीचें ऐकलें, हें खरें. पण एकदांच ऐकलें, आणि तेंही डायनाची थोरवी सिद्ध होण्यास जेवढें लागलें तेवढेंच. आम्हीं वर्गांत दिलेलें तें चटकदार उत्तर मुळांत लेखिकेचेंच उत्तर होतें, असें आतां आम्हांस वाटतें.

टॉलस्टॉयची शेवटची मोठी कादंबरी, जिच्या नांवाचा अर्थ ‘पुनरुत्थान’, ती 1899 मध्यें प्रसिद्ध झाली. कोनी नांवाच्या कायदेपंडित मित्रानें 1887 मध्यें सांगितलेल्या एका खऱ्या प्रकरणावर ती आधारलेली आहे. येथें अपराध वेगळा असला तरी मूळ तेंच आहे. कात्युशा मास्लोवा ही तरुणपणीं नेख्ल्यूदोव्ह या सरदारपुत्राकडून फसविली गेली. तिचें मूल मेलें. ती वेश्यावस्तींत पोंचली. आणि पुढें एका व्यापाऱ्याला विष घातल्याच्या आरोपावरून न्यायालयांत आली. ती भुकटी झोपेची आहे, असें तिला सांगण्यांत आलें होतें. पंचांत तोच नेख्ल्यूदोव्ह बसलेला! पंचांना तिला सोडावयाचें असतें. पण ‘जीव घेण्याचा हेतु नव्हता’ हे शब्द निर्णयांत लिहावयाचे ते विसरतात, आणि त्या विसरण्यापायीं तिला सैबेरियांत चार वर्षांची सक्तमजुरी होते. कोणा दुष्टाच्या कपटानें नव्हे, तर जेवणाची वेळ टळून गेलेल्या सभ्य गृहस्थांच्या हयगयीनें माणूस बुडतो, हें टॉलस्टॉयनें ज्या थंडपणें लिहिलें आहे, त्याला तोड नाहीं.

मास्लोवाही त्या विशिष्ट आरोपापुरती निर्दोषच आहे. मग स्कॉटवर घेतलेला आक्षेप टॉलस्टॉयवर कां नाहीं? कारण टॉलस्टॉय तिच्या निर्दोषत्वावर विसंबून राहत नाहीं. नेख्ल्यूदोव्ह तुरुंगांत जाऊन तिची क्षमा मागतो, तिच्याशीं लग्न करीन म्हणतो, तेव्हां ती संतापून त्याला झिडकारते. आपला एकदां भोगासाठीं उपयोग करून घेणारा हाच गृहस्थ आतां आपल्याच द्वारें परलोकाची सोय लावूं पाहत आहे, असें ती त्याला तोंडावर सुनावते. करुणेचा नायक बनूं पाहणाऱ्या पुरुषाला करुणेच्या विषयानें दिलेलें हें उत्तर साहित्यांत अपूर्व आहे. शिवाय टॉलस्टॉय निकालापाशीं थांबत नाहीं. स्त्रियांच्या कोठडींतील भांडणें, पोरें, दारू, दुर्गंधि, सैबेरियाची वाट, वाटेवर कोसळणारे कैदी, हें सर्व तो दाखवितो. आणि शेवटीं मास्लोवा नेख्ल्यूदोव्हला नाकारून दुसऱ्या सोबत्याची निवड करते, ती तिची निवड राहूं देतो. उपदेशाच्या भरानें कादंबरीचा उत्तरार्ध कलादृष्ट्या सैल पडला आहे, हा जुना आक्षेप आम्हांस मान्य आहे. तरीही हेटी समुद्रापलीकडे गेली कीं दिसेनाशी होते आणि मास्लोवा शिक्षेच्या वाटेवर अधिकाधिक स्पष्ट दिसूं लागते, हा फरक कलेचाच आहे, निव्वळ नीतीचा नव्हे.

आतां परदेश सोडून घरीं येऊं. इंग्रजांनीं आपल्याकडे जी दंडसंहिता आणली, ती 1860 ची. तींत मुलाचा जन्म लपविण्यास वेगळें व सौम्य कलम होतें. परंतु जन्मलेलें मूल मातेनें मारलें तर तो सरळ खून. खुद्द इंग्लंडनें 1922 मध्यें, आणि अधिक विस्तारानें 1938 मध्यें, प्रसूतीनंतर मनाचा तोल गेलेल्या मातेच्या कृत्यास खुनाहून निराळें ठरविणारा कायदा केला. तशी तरतूद आपल्या जुन्या संहितेंत कधीं आली नाहीं, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंतही नाहीं. विधवाविवाहाचा कायदा 1856 चा; पण कागदावरच्या कायद्यानें घरांतील विधवेचें केशवपन थांबलें नव्हतें. अशा काळीं पुण्यास काशीबाई नांवाच्या ब्राह्मण विधवेचें प्रकरण झालें. ती एका सद्गृहस्थाच्या घरीं स्वयंपाकाचें काम करी. एका शास्त्र्यानें तिला फसविलें. तिनें जन्मलेलें मूल मारून विहिरींत टाकलें, आणि तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा होऊन अंदमानास जावें लागलें. ही हकीकत महात्मा जोतीराव फुले यांनीं 4 डिसेंबर 1884 रोजीं मलबारींच्या टिपणांवर दिलेल्या अभिप्रायांत नमूद केली आहे. 1863 मध्यें त्यांनीं स्वतःच्या घरांत जें बालहत्या-प्रतिबंधक गृह काढलें, त्याच्या मागें हें प्रकरण होतें.

फुल्यांच्या या कृतीकडे आम्ही टीकाकाराच्या दृष्टीनेंही पाहतों. त्यांनीं काशीबाईस निर्दोष म्हटलें नाहीं. मूल मारलें, हें स्पष्ट लिहिलें. तिच्या दुःखावर अश्रूही सांडीत बसले नाहींत. तिच्यासारखी दुसरी स्त्री रात्रीं-अपरात्रीं कोठें जाईल, हा प्रश्न त्यांनीं विचारला आणि त्याला दार, खोली व सुईण हें उत्तर दिलें. ज्याला आम्ही ऐकणें म्हणतों, त्याचा हा कृतींत उतरलेला अर्थ. मात्र स्वतः काशीबाईचें अंदमान आपल्या वाङ्मयांत कोठेंही नाहीं. त्याच बेटांतील तुरुंगावर मराठींत ‘माझी जन्मठेप’ हा सावरकरांचा ग्रंथ 1927 मध्यें आला. राजबंद्याला लेखणी होती, मानी मन होतें, वाट पाहणारा वाचक होता. स्वयंपाकघरांतून तेथें गेलेल्या विधवेपाशीं यांपैकीं कांहींच नव्हतें.

यानंतर 1881 मध्यें सुरतेस विजयालक्ष्मी नांवाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर तोच आरोप शाबीत झाला. तिला फांशीची शिक्षा झाली. अपिलांत फांशी टळली, आणि पुढें शिक्षा पांच वर्षांपर्यंत खालीं आली. वर्तमानपत्रांत एकच काहूर उठलें. विधवांच्या अनीतीवर, स्त्रीजातीच्या साहसी स्वभावावर विद्वानांनीं रकानेच्या रकाने भरले. त्या काहुरांतून 1882 मध्यें पुण्यास एक लहानसें पुस्तक छापून निघालें: बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचें ‘स्त्रीपुरुष तुलना’. फुल्यांनीं ‘सत्सार’ या आपल्या नियतकालिकांत 1885 मध्यें त्याची बाजू घेतली. पुढें तें विस्मृतींत गेलें, तें 1975 मध्यें स. गं. मालशे यांनीं पुन्हां उजेडांत आणीपर्यंत कोणाच्या ध्यानीं नव्हतें. शंभर वर्षांच्या मराठी गद्याचे इतिहास या पुस्तकावांचून लिहिले गेले, ही गोष्ट आम्हां अध्यापकांस भूषणावह नाहीं.

ताराबाईंचा ग्रंथ कथा नव्हे. तो वादग्रंथ आहे. आणि त्याची युक्ति एका वाक्यांत सांगतां येते. त्यांनीं पिंजरा फिरवून ठेवला. जो जो दोष स्त्रियांवर लादला जातो, तो तो घेऊन त्या पुरुषाच्या दारांत जातात आणि विचारतात, हा तुमच्या घरीं नाहीं काय? भाषा घरांतली, ओट्यावरची, फटकळ, वाक्यें धांवतीं, मध्येंच टोमणा, मध्येंच शिव्याशाप. शिष्ट वाचकांस ती खटकली असेल, परंतु आमच्या मतें तिचें सामर्थ्य त्या खटकण्यांतच आहे. त्या काळच्या सुधारकांचें गद्य स्त्रीविषयीं बोलतें. या पुस्तकांत स्त्री पुरुषाशीं बोलते. तरीही एक उणीव स्पष्ट सांगितली पाहिजे. विजयालक्ष्मीचें प्रकरण हें पुस्तकाचें निमित्त आहे, तिची कहाणी हा पुस्तकाचा विषय नाहीं. सर्व स्त्रीजातीचा खटला चालवितांना ती एक स्त्री, तिची ती एक रात्र, मागें राहते. वादाला उदाहरण लागतें, आणि उदाहरण झालेला माणूस पुन्हां मुका होतो. ही ताराबाईंची चूक असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांना तेव्हां जें करावयाचें होतें तें त्यांनीं केलें. वादग्रंथाच्या जातीचीच ती मर्यादा आहे.

ती मर्यादा ओलांडण्याचें काम पाऊणशेंहून अधिक वर्षांनंतर एका नाटकानें केलें. विजय तेंडुलकरांचें ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हें ‘रंगायन’नें 1967 मध्यें रंगमंचावर आणलें, दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचें, आणि लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांची. हौशी नटांची एक मंडळी वेळ घालविण्यासाठीं खोटा खटला चालविते. आरोपी कोण? मंडळींतील अविवाहित शिक्षिका बेणारे. आरोप कोणता? भ्रूणहत्या. खेळ म्हणून सुरू झालेलें प्रकरण हळूहळू तिच्या खाजगी आयुष्यांत हात घालतें. ती खरोखरच गरोदर आहे, हें निघतें. ज्यांचें तें मूल, ते प्राध्यापक दामले त्या दिवशीं आलेलेच नाहींत. स्कॉटपासून आजवर पिंजऱ्याबाहेर राहिलेल्या पुरुषांच्या रांगेंत हे शेवटचे. आणि ते आमच्याच पेशाचे असावेत, हें वाचतांना आम्हांस टोंचल्याशिवाय राहिलें नाहीं.

या नाटकांत साहित्याच्या अभ्यासकानें विशेष पाहावा असा एक तपशील आहे. सामंत नांवाचा गांवचा साधाभोळा माणूस साक्षीदार म्हणून उभा केला जातो. त्याला कांहींच ठाऊक नाहीं. म्हणून तो हातांतल्या एका कादंबरींतील मजकूर साक्ष म्हणून सांगूं लागतो, आणि न्यायालय तो मजकूर बेणारेविरुद्ध पुरावा म्हणून आनंदानें स्वीकारतें. पतित स्त्री कशी बोलते, कशी रडते, कशी विनवण्या करते, हें सर्व छापील पुस्तकांत आधींच तयार असतें. खऱ्या स्त्रीनें बोलण्याची गरजच उरत नाहीं. कींव करणाऱ्या कादंबऱ्यांनींच तिच्याविरुद्ध साक्ष दिली आहे, असा हा तेंडुलकरांनीं आमच्या सर्व वाङ्मयावर ठेवलेला आरोप आहे. आणि शेवटीं न्यायाधीश झालेले काशीकर घड्याळ पाहून बेणारेस बोलण्यास अल्पसा वेळ देतात. ती बोलते. लहानपणीं मामानें केलेली फसवणूक, दामल्यांची पूजा, देहाचा मोह आणि देहाचाच तिरस्कार, पोटांतल्या जिवासाठीं जगण्याची इच्छा, हें सारें त्या एका स्वगतांत येतें. पण तें स्वगत आहे! भोंवतालचीं माणसें तेवढा वेळ पुतळ्यांसारखीं निश्चल असतात. प्रेक्षक ऐकतात, न्यायालय ऐकत नाहीं. वेळ संपतो आणि निकाल येतो: आईपण पवित्र आहे, म्हणून हें पोटांतलें मूल नष्ट करण्यांत यावें. भ्रूणहत्येच्या आरोपाला भ्रूणहत्येची शिक्षा! स्कॉटच्या कायद्यांत स्त्रीचें मौन हा पुरावा होता. येथें ती बोलली तरी परिणाम तोच. दोष तिच्या जिभेंत नव्हता, ऐकणारांच्या कानांत होता, हें सांगणारें हें नाटक आम्ही या विषयावरील सर्व वाङ्मयांत अग्रस्थानीं ठेवतों.

येथें एक गंभीर आक्षेप संभवतो, आणि तो टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. मेलेलें मूलही माणूसच होतें. त्याच्या वतीनें कोण बोलणार? अपराधी स्त्रीचें ऐकण्याच्या उत्साहांत आपण अपराधच विसरत तर नाहीं ना? आमचें उत्तर असें. अपराध विसरते ती कींव. ‘बिचारी, तिला काय कळतंय’ असें म्हणून कींव करणारा तिचें कृत्य तिच्याकडून काढून घेतो, परिस्थितीच्या खात्यावर मांडतो, आणि स्त्रीला मुलाइतकेंच अजाण ठरवून मोकळा होतो. ऐकणारा तसें करीत नाहीं. हेटीच्या कबुलींत तें रडणारें मूल जितकें जिवंत आहे, तितकें तें न्यायालयांतील कोणत्याही साक्षींत नाहीं. मुलाला न्याय द्यावयाचा असेल तरीही आईचें ऐकावें लागतें. कारण तें कसें जन्मलें आणि कसें मेलें, हें जाणणारी बहुधा ती एकटीच असते.

कोणी म्हणेल, या जुन्या गोष्टी झाल्या. तुरुंगांकडे पाहिलें तर तसें दिसत नाहीं. सरकारी आंकड्यांप्रमाणें 2022 च्या अखेरीस आपल्या देशांतील तुरुंगांत सुमारें पावणेसहा लक्ष कैदी होते. त्यांत स्त्रिया शेंकडा चारांच्या आसपास, म्हणजे तेवीस हजारांहून अधिक. त्यांपैकीं दीड हजारांवर स्त्रियांजवळ त्यांचीं मुलेंही होतीं. सहा वर्षांपर्यंतचें मूल कैदी आईजवळ राहूं शकतें. स्त्री-पुरुष मिळून पाहिलें, तर सर्व कैद्यांत चारांतील तीन अद्याप निकाल न लागलेले कच्चे कैदी होते. शेंकडा चार हा आंकडा लहान आहे, आणि लहानपणाचा तोटा असा कीं, तुरुंग पुरुषांच्या मापानें बांधले जातात व स्त्रियांस त्यांतला एखादा कोपरा मिळतो. 1982 च्या मे महिन्यांत शीला बारसे या पत्रकार बाईंनीं मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगांतील पंधरा स्त्री-कैद्यांची भेट घेऊन त्यांचें म्हणणें ऐकलें. पंधरांतील पांच जणींनीं सांगितलें कीं, पोलिसांच्या कोठडींत आपणांस मारहाण झाली. बारसे यांनीं सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिलें; आणि 1983 मध्यें न्यायालयानें स्त्रियांसाठीं वेगळ्या कोठड्या, त्यांवर स्त्री-शिपायांचा पहारा, स्त्री-पोलिसांच्या समक्षच चौकशी, व कायद्याच्या मदतीची सोय, असे आदेश दिले. त्या पंधरा जणींवर कोणते आरोप होते, त्या दोषी होत्या कीं निर्दोष, हा प्रश्न तेथें गौण होता. दोषी स्त्रीलाही मार न खाण्याचा हक्क आहे, एवढें कळण्यास कोणीतरी आंत जाऊन विचारावें लागलें. ज्या ऐकण्याची अपेक्षा आम्ही ग्रंथकाराकडून करतों, तें कांहीं केवळ रसिकांचें लाड पुरविणें नव्हे, हें यावरून दिसेल.

म्हणून आमचा निष्कर्ष एवढाच. आरोपी स्त्रीविषयींच्या ग्रंथाची योग्यता तो आपणांस किती रडवितो यावर ठरवूं नये. त्यानें तिचें कृत्य तिच्या हातीं राहूं दिलें काय, निकालानंतरही तिच्याकडे पाहिलें काय, आणि तिला आपल्याला नको असलेलें उत्तर देऊं दिलें काय, या तीन कसोट्या लावाव्यात. स्कॉट पहिलीवरच अडतो. इलियट पहिलीवर उत्तम उतरते आणि दुसरीवर घसरते. ताराबाईंनीं नको असलेलें उत्तर दिलें, पण तें स्वतःचें, विजयालक्ष्मीचें नव्हे. टॉलस्टॉयची मास्लोवा दुसऱ्या व तिसऱ्या कसोटीस पुरी उतरते. पहिलीस ती त्या आरोपापुरती लागूच होत नाहीं. तेंडुलकरांची बेणारे बोलते, आणि न ऐकणाऱ्यांत आपणही आहों, हें आपल्याला दाखवून देते. निकालानंतरच्या दीर्घ वर्षांची, तुरुंगांतील कपडे धुण्याची, मुलाच्या वाढीची, सुटकेच्या दिवशीं दारांत कोणी न येण्याची कादंबरी मराठींत अजून कोणी लिहावयाची आहे.

गेल्या सत्रांत ‘ॲडम बीड’ पुन्हां शिकविली. समारोपाच्या प्रकरणाशीं आलों तेव्हां आम्हीं पुस्तक मिटून वर्गास सांगितलें कीं, मागें एका विद्यार्थिनीनें येथें एक प्रश्न विचारला होता, त्याचें उत्तर पुस्तकांत नाहीं आणि तें नसणें हा पुस्तकाचा दोष आहे. निबंधाचा विषय यंदा आम्हीं बदलला: ‘हेटीचीं ती वर्षें’. आलेले निबंध कच्चे होते, कित्येकांत भूगोलाच्या ढोबळ चुका होत्या. परंतु ‘अभागिनी’ हा शब्द त्यांतल्या एकांतही नव्हता.